‘विल’ म्हटलं की करायचंच!

ऐंशीच्या दशकात वाशीला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर सोमवारी संध्याकाळी मोठ्यांचा इंग्रजी क्लास भरायचा. चार जुने विद्यार्थी भेटले की अजून तिथलेच किस्से निघतात, आणि चहा गार होतो.

परांजपे बाईंनी भविष्यकाळ शिकवला तो आपल्या पद्धतीनं. प्रत्येकानं उभं राहून ‘विल’चं एक वाक्य बोलायचं आणि पुढच्या सोमवारी ते घडलं का ते सांगायचं. ‘यस’ किंवा ‘नो’. सबबी बंद!

*

बेलापूरच्या ऑफिसातले जोशी हुशार. म्हणाले, “द सन विल राइज टुमॉरो.”

बाई म्हणाल्या, “तो तुमच्यावाचूनही उगवतो. बसा!”

*

बोनकोड्याच्या यमुनाताईंचं वाक्य होतं, “माय डॉटर विल गो टू कॉलेज.” पोरगी दहावी पास झाली होती, पण सासरे अडून बसलेले. पोरीला कॉलेजात घालायचं नाही म्हणजे नाही!

पुढच्या सोमवारी ताई म्हणाल्या, “नो.” आणि लगेच तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्यानं.

*

मार्केटातले कांद्याचे व्यापारी, शेठ. ते म्हणाले, “ओनियन विल बी चीप.” झालं! अख्ख्या क्लासनं आठवडाभर कांदे घेतले नाहीत. भाव चढले.

जोशी उखडले. शेठ शांतपणे म्हणाले, “भाव आधी कळत असता तर मी या बाकावर बसलो असतो काय?”

*

मी म्हणालो, “आय विल कुक ऑन संडे.” केलंही. सोमवारी छाती काढून ‘यस’ म्हणालो.

शेजारी बसलेली माझी बायको क्लासात कधी तोंड उघडायची नाही. ती ताडकन उठली. “ही विल नॉट कुक अगेन!”

*

यमुनाताईंचं मात्र दर सोमवारी ‘नो’च. आम्हालाच बघवेना. जोशी म्हणाले, “ताई, सोपं वाक्य घ्या. ‘आय विल बाय अ सारी.’”

ताई म्हणाल्या, “साडी हाय. कालेज नाय.”

*

आणि एका सोमवारी ताई आल्याच नाहीत. प्रवेशाची मुदत संपत आलेली. ताईंनी हाय खाल्ली, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं.

तेवढ्यात दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला.

“यमुनेचा सासरा मी. ती आज येनार नाय. पोरीची कालेजची पुस्तकं आनाया दोगी ठान्याला गेल्यान.”

बाई म्हणाल्या, “बरं झालं आजोबा, निरोप दिलात.”

म्हातारा हलेना. “निरोप ऱ्हायलाय. मना म्हनली, तुमीच जाऊन सांगा.”

टोपी नीट केली, ताठ उभा राहिला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला,

“यस!”