अखजीसाठी राखलेला मोगरा

लग्नानंतरची माझी पहिली अखजी. आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेच्या या सणाला सासुरवाशीण माहेरी जाते, पण आपली आपण नाही. भावाने न्यायला यावं लागतं. माझं सासर धुळ्याला, माहेर भडगावजवळच्या खेड्यात. भाऊ बैलगाडी घेऊन येणार, असं आईचं पत्र आलं आणि माझं धुळ्यातलं चित्तच उडालं.

सासरी मोरीच्या पाण्यावर वाढलेला मोगऱ्याचा एक वेल होता. आईचा मोगरा आदल्या उन्हाळ्यात जळून गेला होता. म्हणून मी ठरवलं, जाताना आईला ओंजळभर नाही, चांगली परडीभर फुलं न्यायची. त्यासाठी आठ दिवस आधीपासून वेलाला कुणी हात लावायचा नाही, असा मी नव्या सुनेला न शोभणारा हुकूम सोडला. गजऱ्यासाठी येणाऱ्या शेजारच्या पोरींना तर मी केरसुणी घेऊन पिटाळलं. जेवढी आज राखू तेवढी अखजीला जास्त, असा माझा हिशेब. इतकी शहाणी मी!

मोगऱ्याला हा हिशेब कुणी सांगितला नव्हता. तो रोज संध्याकाळी फुलायचा आणि सकाळी तांबूस पडून खाली गळायचा. मी रोज ती फुलं झाडायची आणि रस्त्याकडे बघायची. सासूबाईंना सगळं घर अक्का म्हणायचं. त्यांनी तीन दिवस माझं झाडणं पाहिलं. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "पोरी, मोगरा काय बाजरी शे का, कोठीमा भरी ठेवाले? कालना बठ्ठा वाया गया. आजना तरी माळ."

कालचा सगळा वाया गेला हे दिसत असूनही मी ऐकलं नाही. हट्टी होतीच मी, अजूनही आहे.

अखजीच्या आदल्या दिवशीही भाऊ आला नाही. गल्लीतल्या लिंबाला झोका बांधला होता, पोरी गाणी म्हणत होत्या आणि मी उंबऱ्यात तोंड फुगवून बसले होते. मला रडूच आलं. अक्का आल्या, हाताला धरून मला वेलापाशी नेलं आणि म्हणाल्या, "आठे बठ. देख."

रागारागातच बसले. वेलावर टपोऱ्या, घट्ट मिटलेल्या कळ्या होत्या. एकीवर मी नजर रोखली; उमलताना हिला पकडायचीच, असं मनाशी म्हटलं. एक मुंगी देठावरून चढली, टोकाशी जाऊन परतली. मी तिच्याकडे बघेपर्यंत कळीची एक पाकळी सुटलेली. पुन्हा डोळे लावले, तर बाजूच्या दोन फुललेल्या. ऊन गेलं, मातीचा गारवा तळपायांना लागला, वास दाटला. अक्कांनी जेवायला हाक मारली तेव्हा लक्षात आलं, इतका वेळ मी रस्त्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटत होतं, आणि माहेर तर तेवढंच लांब होतं.

अखजीच्या दिवशी घागर पुजली, आमरसाचं जेवण झालं. दुपारी शेजारच्या पोरींना मी स्वतः बोलावून आणलं. आधी त्या बिचकल्या, मग तुटून पडल्या. निम्म्या कळ्या त्यांनी नेल्या, उरलेल्यांचा मी गजरा केला आणि अक्कांना पाटावर बसवलं. "माले कसाले वं?" म्हणत त्या लाजल्या. त्यांना न्यायला येणारा भाऊ कधीच वारला होता; कित्येक अखज्या त्यांनी याच ओट्यावर काढल्या होत्या. हे मला ठाऊक होतं, पण आठ दिवसांत एकदाही आठवलं नव्हतं.

तेवढ्यात दाराशी गाडी थांबली. भाऊच! वाटेत बैल लंगडला म्हणून उशीर झाला, असं तो बाहेरूनच ओरडून सांगू लागला. पाहुणा आला म्हणून अक्का चहाला उठायला लागल्या. मी त्यांचा खांदा दाबला.

"अक्का, बठा. चहा मंग. आधी हाई व्हऊ द्या."

भाऊ ओट्यावर टेकला. मी सावकाश अक्कांचा अंबाडा सोडला, केस विंचरले, पुन्हा बांधला आणि गजरा माळला. वर्षभर एका घरात राहूनही त्यांचे निम्मे केस पांढरे झालेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.