एरंडोलला बंद केलेले अल्बम

संगीतातलं मला फारसं कळत नाही, हे कळायला मला वयाची अठ्ठेचाळीस वर्षं लागली. त्याआधी मला सगळं कळत होतं. ख्याल, गझल, कव्वाली, जॅझ, लांब केसांच्या पोरांचा आरडाओरडा, आमच्या खान्देशातली हळदीची अहिराणी गाणी, कशाबद्दलही विचारा, माझं मत तयार. नाही विचारलं तर जास्तच तयार. घरात मात्र या मतांना गिऱ्हाईक नव्हतं. बायकोनं एकदा शांतपणे सांगून टाकलं की जेवताना मीठ कमी की जास्त एवढं मत द्या, बाकीची बाहेर देऊन या.

बाहेर म्हणजे गाडीत. मी जळगावला राहतो आणि नोकरी धुळ्यात, एका सरकारी कार्यालयात. रोजचं अपडाऊन. जायला दीड तास, यायला दीड तास. फोनवरची गाणी गाडीच्या स्पीकरला जोडता येतात हे कळल्यापासून मी नेम केला, रोज एक नवा अल्बम, पहिल्या गाण्यापासून. मार्क द्यायची पद्धतही माझीच. अल्बम ज्या गावापर्यंत सहन झाला, ते गाव म्हणजे त्याचे मार्क. सगळ्यात खालचा नंबर बांभोरीच्या पुलाचा, म्हणजे जळगाव सुटलं न सुटलं तोच बंद. मग पाळधी, एरंडोल, पारोळा. धुळ्यापर्यंत टिकला तर पहिला नंबर. जीव कंटाळला की मी बटण दाबायचो, जुनी सिनेमाची गाणी लावायचो आणि उरलेल्या रस्त्यात तो अल्बम का बंद केला ते समजावून सांगायचो. याला कुणी घाई म्हटलं तर माझं उत्तर ठरलेलं, शितावरून भाताची परीक्षा.

समजावून सांगायचो ते आबांना. आबा आमच्याच कार्यालयात जुन्या फायलींच्या खोलीत होते. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, चोपड्याकडचे, जळगावात आमच्याच कॉलनीत घर. एसटीनं जायचे. एकदा मी त्यांना गाडीत घेतलं आणि पुढची पाच वर्षं ते माझ्या डाव्या हाताच्या सीटवर बसले. त्यांच्यासारखा श्रोता मी जन्मात पाहिला नव्हता. मधे बोलत नसत. हरकत घेत नसत. मी एखाद्या गायकाची सालटी काढत असलो की ते डोळे मिटून हळूहळू मान हलवायचे. मला वाटायचं, चला, या जगात एका माणसाला तरी माझं पटतं.

त्या पाच वर्षांत मी काय काय निकाली काढलं ते आज आठवलं की कानशिलं गरम होतात. एका गझलवाल्याला मी पाळधीला उतरवलं. सकाळी साडेआठला, पोटात पोहे असताना, त्याचा प्याला आणि त्याचा विरह मला झेपत नव्हता. जॅझचा पहिला अल्बम लावला तेव्हा मी जाहीर केलं की ही जिल्हा परिषदेची सभा आहे, प्रत्येक जण उठून आपलंच बोलतो आणि ठराव काही होत नाही. तो एरंडोलला बंद. हेवी मेटलचा एक अल्बम तर मी पुलावरच बंद केला, कारण सायलेन्सर फुटला असं वाटून मी खरोखर गाडी बाजूला घेऊन खाली वाकून पाहिलं होतं. तो अपमान मी त्या पोरांच्या नावावर टाकला.

ख्यालाच्या अल्बमला मात्र मी धुळ्यापर्यंत नेऊन पहिला नंबर दिला. खरं सांगायचं तर पारोळा आलं तरी गायक अजून घरातून निघालेलाच नव्हता, आणि मी मनातल्या मनात किराण्याची यादी करत होतो. पण शास्त्रीय संगीत बंद केलं तर लोक काय म्हणतील? गाडीत लोक म्हणजे एकटे आबा, तरीही. उलट अहिराणी गाण्यांना मी पुलाच्या पुढे कधी जाऊ दिलं नाही. उथळ, ठोकळेबाज, कानठळ्या बसवणारी, असं मी म्हणायचो. याच गाण्यांवर पुतण्याच्या लग्नात मी अंगठ्याचं नख निघेपर्यंत नाचलो होतो, तो भाग मी सांगत नसे.

आणि एक पियानोचा अल्बम होता. कव्हरवर एकटाच गोरा माणूस, गाणं नाही, तबला नाही, काही नाही. दोन सूर वाजवायचा आणि थांबायचा. परत एखादा वाजवायचा. एरंडोलच्या अलीकडे तो बराच वेळ थांबला तेव्हा मी बटण दाबलं आणि म्हणालो की हा शिकतोय अजून, याचं शिकून झालं की ऐकू. हा विनोद मला इतका आवडला की पारोळ्याला मी तो आबांना परत सांगितला. आबा हसले नाहीत. मला वाटलं, त्यांना तो खोलवर पटला असेल.

गेल्या हिवाळ्यात माझा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी पंधरा दिवस गाडी चालवायला मनाई केली. आबांकडे लायसन्स होतं, ते म्हणाले मी चालवतो. म्हणून पाच वर्षांत पहिल्यांदा ते उजवीकडे बसले आणि मी डावीकडे. त्या दिवशी एक कव्वालीचा अल्बम होता. मी पुलापासूनच सुरुवात केली. टाळ्या कशा पडतात, मुख्य गायक कुठे उगाच ताणतो, मागचे लोक त्याला कसे सांभाळून घेतात. पाळधी आलं. आबांनी गाडी आणखी हळू केली, जी मुळात फार जोरात नव्हतीच, आणि माझ्याकडे पाहिलं.

“भाऊ, तुम्ही रोज इतलं बोलतस का?”

मला वाटलं थट्टा करतायत. पण आबा थट्टा करणाऱ्यांतले नव्हते. मग त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. लहानपणी गालगुंड झालं होतं, तेव्हापासून उजवा कान पूर्ण गेलेला. ऐकू येतं ते डाव्या कानानं. रोजच्या सीटवर डाव्या कानाजवळ दारातला स्पीकर असायचा, आणि माझ्याकडे असायचा तो उजवा कान. माझं तोंड हलताना त्यांना दिसायचं. त्यांना वाटायचं की मी गाण्याबरोबर गुणगुणतो.

पाच वर्षं. रोज तीन तास. पालथ्या घड्यावर पाणी हा वाक्प्रचार शाळेत मी वाक्यात उपयोग करून दाखवला होता, आयुष्यात उपयोग करून दाखवायचा राहिला होता तो असा झाला. मान हलवत होते ते गाण्याला. चहाच्या टपरीवर ते नेहमी माझ्या उजव्या हाताला उभे राहायचे, मला वाटायचं मान देतात. ते डावा कान माझ्याकडे करत होते. आणि तिथं नेमका मी गप्प असायचो, कारण तोंडात भजी असायची.

कार्यालयात गेल्यावर मी हळूच चौकशी केली. सगळ्यांना माहीत होतं. साहेबांना, शिपायाला, झाडायला येणाऱ्या मावशींना. सगळे आबांशी डावीकडून बोलायचे. मला एकट्याला माहीत नव्हतं, कारण मला त्यांच्या उत्तराची गरजच कधी पडली नव्हती. त्या दिवशी टेबलाशी बसून मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

संध्याकाळी परतताना मी कव्वालीही लावली नाही आणि बोललोही नाही. मुकटी गाव मागे पडल्यावर आबाच बोलले. डावा कानही आता जायला लागला होता. डॉक्टरांनी मशीन लावायला सांगितलं होतं. मशीननं बोलणं कळतं, पण त्यांनी एकदा लावून पाहिलं होतं आणि गाणं त्यातून पत्र्याचा डबा वाजवल्यासारखं आलं. पुढे किती दिवस नीट ऐकू येईल ते डॉक्टरही सांगत नव्हते. आणि दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. घरात गाणं लावायची सवय कुणाला नव्हती. एसटीचा पास सोडून ते माझ्या गाडीत का येत राहिले, ते मला तेव्हा कळलं. मी माझ्या सहवासाला श्रेय देऊन बसलो होतो.

मग त्यांनी एक गोष्ट विचारली. जुन्या फायलींत आयुष्य गेलेला माणूस, कुठली गोष्ट कुठे ठेवली ते त्याच्या डोक्यात असतं. “तो पेटीवाला गोरा. एरंडोलले थांबना व्हता. त्याना पुढे काय वाजाडं त्यानी?”

मला माहीत नव्हतं. मीही तो पियानो तिथपर्यंतच ऐकला होता. त्यांनी मग जॅझबद्दल विचारलं, ते सगळे शेवटी एकत्र येतात का? माहीत नाही. त्या ओरडणाऱ्या पोरांचं पुढचं गाणंही ओरडण्याचंच होतं का? माहीत नाही. एकेका गावाचं नाव घेऊन ते विचारत गेले आणि मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस नुसता मान हलवत राहिलो. शेवटी मी तोंडातल्या तोंडात शितावरून भाताची परीक्षा असं काहीतरी पुटपुटलो. डावा कान माझ्याकडे होता, त्यामुळे त्यांना ते ऐकू आलं. ते रागावले नाहीत. परीक्षा झाली ते ठीक, म्हणाले, पण भात मला खायचा होता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बंद केलेले अल्बम काढले. नियम एकच, शेवटपर्यंत. खांदा बरा झाल्यावर मी परत चालवायला लागलो आणि ते त्यांच्या सीटवर, स्पीकरशेजारी. गप्प बसणं मला फार जड गेलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं पाच वर्षं चाललेल्या माणसानं जीभ आवरून बांभोरी ते धुळे जायचं म्हणजे उपासच. जॅझवाले पारोळ्याच्या पुढे खरंच एकत्र आले, आणि इतके अलगद आले की ठराव कधी मंजूर झाला ते कळलं नाही. मेटलच्या पोरांचं शेवटचं गाणं जवळजवळ अंगाई होतं. अहिराणी अल्बमात सहावं गाणं सासरी जाणाऱ्या मुलीचं होतं आणि धुळ्याअलीकडच्या फागण्याजवळ मला गाडी चालवताना चष्मा काढून पुसावा लागला. गझलवाला मात्र शेवटपर्यंत तसाच कंटाळवाणा निघाला. त्या दिवशी धुळ्यात उतरताना आबा म्हणाले की हा पाळधीलाच बरा होता, आणि मला उगाच फार आनंद झाला.

आवाज मात्र मला दर आठवड्याला थोडा वाढवावा लागत होता. आबा काही म्हणायचे नाहीत, नुसते दाराकडे कलायचे. ते कलले की मी बटण फिरवायचो.

पियानो त्यांनी शेवटच्या दिवसासाठी ठेवला होता. कार्यालयात निरोपसमारंभ झाला, शाल, नारळ, भाषणं. निघालो तर पारोळ्यापर्यंत त्यांना फोनच येत राहिले, म्हणून अल्बम लावायला उशीर झाला. एरंडोलला तो मागे जिथं थांबला होता ती जागा आली, आणि पुढे गेली. पुढे त्यानं तेच दोन सूर परत वाजवले होते, फक्त खालच्या पट्टीत. आबांनी डोळे उघडून बाहेर पाहिलं आणि परत मिटले.

त्यांच्या दारात गाडी उभी केली तेव्हा अल्बम संपायचा होता. आवाज आता इतका मोठा होता की शेजारचे गच्चीवर आले. फाटकात अक्का, त्यांच्या मंडळी, ओवाळायचं ताट घेऊन उभ्या. आबांनी काच खाली न करता एक बोट दाखवलं, थांब. अक्का निरांजनाला पदराचा आडोसा करून थांबल्या. पियानोवाला परत थांबला. माझा हात सवयीनं बटणाकडे गेला, तो मी मांडीखाली दाबून धरला. बराच वेळ काही नाही. मग तीन सूर आले, अगदी सावकाश, आणि अल्बम संपला.

आबांनी सीटचा पट्टा काढला. मग शालीसकट पूर्ण वळून बसले आणि डावा कान माझ्या तोंडासमोर आणला.

“हं भाऊ, सांगा आते. कसं वाटनं?”

पाच वर्षांत माझं मत त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं. मी तोंड उघडलं. खूप शोधलं तेव्हा एवढंच सापडलं, आणि ते त्यांना ऐकू जावं म्हणून मी जरा मोठ्यानं म्हणालो, “परत लावू का?”

आबांनी काचेतून अक्कांना आणखी थोडा वेळ असं खुणावलं, आणि पट्टा पुन्हा लावला.