अक्का नको म्हणाल्या होत्या

सुमनअक्कांना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या एका वृद्ध रुग्णाच्या पायाची नखे कापत होत्या. जळगावच्या एका खाजगी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून तो माझा पहिला दिवस होता. मी त्यांना आया समजलो आणि टेबल पुसायला सांगितले. त्यांनी ते पुसले. त्या आमच्या विभागाच्या सहायक आहेत, हे मला दुपारी दुसऱ्या कोणी सांगितले. नखे टोचतात म्हणून तो रुग्ण बूट घालत नव्हता आणि म्हणूनच चालत नव्हता, हे कळायला मला आठवडा लागला.

व्यायाम कोणता, ते मी ठरवायचे. तो करून घ्यायचा अक्कांनी. कागदावर त्यांचे काम एवढेच. पण रुग्णाचा आजचा दिवस कसा आहे, ते त्यांच्या हाताला आधी समजे. मूळच्या शिंदखेड्याच्या अक्का रुग्णाला उठवण्याआधी "बठ्ठं बरं शे ना?" म्हणजे सगळे बरे आहे ना, असे अहिराणीत विचारत आणि उत्तर येईपर्यंत थांबत. मला थांबायची सवय नव्हती.

नशिराबादचे एक कापड दुकानदार अर्धांगवायूनंतर आमच्याकडे येत. सगळे त्यांना नाना म्हणत. वॉकर धरून ते चालू लागले होते. एके दिवशी त्यांचा मुलगा धुळ्याहून भेटायला यायचा होता. त्याला नाना वॉकरशिवाय चालताना दिसावेत, असे माझ्या मनात आले. आधी एकदा चालवून पाहावे म्हणून मी त्यांना उठवले.

"आज नको, सर," अक्का हळूच म्हणाल्या. "गुडघा थरथरतोय त्यांचा."

"ते मी बघतो. तुम्ही पलीकडच्या पेशंटकडे जा."

त्या गेल्या. चौथ्या पावलाला नाना कोसळले. खुब्याचे हाड मोडले. मुलगा पोहोचला तेव्हा वडील स्ट्रेचरवर होते.

"यांच्याजवळ कोण होतं?" त्याने विचारले.

"मी थांबायला हवं होतं," अक्का म्हणाल्या.

मी गप्प राहिलो. तो त्यांना वाट्टेल ते बोलला, तरीही गप्प राहिलो. अक्कांना रुग्णांपासून काढून शेक देण्याच्या यंत्रांवर बसवण्यात आले. शस्त्रक्रिया होऊनही नाना पुन्हा उभे राहिले नाहीत.

"मोठ्या साहेबांना खरं सांगू का?" मी अक्कांना एकदा विचारले.

"मला कशाला विचारता? सांगायचं तर सांगा."

"मग तुम्ही स्वतःवर का घेतलं?"

"तुमच्यासाठी नाही घेतलं, सर. दिसत असून मी निघून गेले. पेशंटला सोडून जाणं माझं काम नव्हतं."

मी सांगितले नाही. अक्का मात्र दर रविवारी नशिराबादला जात राहिल्या. नानांचे आखडलेले हातपाय हलवत, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना कुशीवर कसे वळवायचे ते घरच्यांना शिकवत. नाना गेले त्या आठवड्यापर्यंत त्यांचे जाणे चुकले नाही. मी एकदाच गेलो होतो. नानांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

अक्कांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात हे लिहू का, असे मी विचारले तेव्हा अक्का म्हणाल्या, "आधी नानांच्या मुलाला जाऊन सांगा. त्याला हे पुस्तकातून कळू नये."

मागच्या आठवड्यात मी धुळ्याला गेलो. त्याने दारातच उभ्याने सगळे ऐकले. "अक्कांना मी नको ते बोललो," एवढेच म्हणाला आणि दार लावून घेतले.

अक्कांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. माणसे उचलून त्यांची कंबर गेली आहे. ते दुखणे हलके व्हावे आणि त्यांना पुष्कळ आयुष्य मिळावे. आणि यापुढे ज्यांच्या हाताखाली त्या काम करतील, त्यांना अक्कांचे ऐकण्याची बुद्धी वेळेवर होवो.