छत कापलेली गाडी

तुम्ही दोघांनी आजोबांना पाठवलेल्या, सुटे भाग जोडून करायच्या प्लास्टिकच्या गाडीचं काय झालं, असं प्रत्येक व्हिडिओ कॉलवर विचारता आणि मी विषय बदलते. आता नीट सांगते. नीट म्हणजे मला स्वतःला जेवढं उलगडलंय तेवढंच.

खोक्यावर लांबलचक अमेरिकन गाडीचं चित्र होतं. मी चष्मा लावून सूचना वाचून दाखवायला बसले, तर आजोबांनी तो कागद घडी करून मला परत दिला. म्हणाले, "ही गाडी ज्याला हवी त्याने खोक्यावर बघावी. मी आपली तलासरीची गाडी करणार."

तलासरीची गाडी म्हणजे, तुमच्या बाबांच्या जन्माच्या वेळी ज्या शेअर टॅक्सीतून मला डहाणूच्या दवाखान्यात आणलं, ती. आजोबा तेव्हा तलासरीच्या शाळेत शिकवत होते. त्या गाडीचा एकही फोटो नाही. जे होतं ते आमच्या दोघांच्या डोक्यात, आणि तिथेच घोटाळा आहे.

आजोबा हल्ली विसरतात, हे तुमच्या बाबांना ठाऊक आहे. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, काय काय चुकतं ते तारखेसकट लिहून ठेवा, पुढच्या वेळी वहीवरून औषधाचं ठरवू. तुम्ही मला ओळखताच. मी वहीला रेघा आखल्या, समास सोडला, क्रमांक घातले. गॅसचं बटण चालू राहिलं. मसोलीतल्या आपल्याच गल्लीचं वळण चुकलं. अशा सात नोंदी झाल्या.

गाडीच्या कामात मात्र त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांनी बॉनेट मधून कापून आखूड केलं, दोन तुकडे जोडले आणि फटीत लांबी भरली. गॅरेजवाले गाडीचा पोचा बुजवायला वापरतात तसलाच तो लगदा. तो वाळला की पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासायचं, परत भरायचं, परत घासायचं. मग मला हाक.

"डोळे मीट आणि बोट फिरव. सांधा लागतो?"

"लागतो."

"कुठे?"

"इथे, डावीकडे."

"तुला नको तिथे बरोबर लागतं," असं म्हणून ते पुन्हा घासायला बसत. महिनाभरात बॉनेट काचेसारखं गुळगुळीत झालं.

भांडण झालं ते छतावरून. मी म्हणाले, "मागचा भाग उघडा होता. वरती नुसत्या लोखंडी कांबी."

"अगं, बंद होता. पत्र्याचं छप्पर होतं, मागे दार होतं. दार मीच धरून बसलो होतो, कडी तुटकी होती म्हणून."

"अहो, मी सीटवर आडवी होते. वरून ताडाचे शेंडे जाताना मी मोजत होते. पत्र्यातून ताड दिसतात का?"

ते म्हणाले, "तू म्हणतेस तर तसंच असेल. माझं आता काय खरं." आणि बारीक करवत घेऊन त्यांनी ड्रायव्हरच्या सीटमागचं सगळं छत कापून काढलं. मी वहीत आठवी नोंद केली: गाडीचं छत बंद होतं असं म्हणतात.

रंग कुठला होता ते दोघांनाही आठवेना, म्हणून आम्ही तलासरीला गेलो. त्या गाडीचा ड्रायव्हर अजून तिथेच राहतो, ऐंशीच्या घरात आहे. त्याने मॉडेल हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"मास्तर, हे कुणाचं बॉनेट? माझ्या गाडीचं एवढं गुळगुळीत कधी होतं?"

आतून त्याची बायको म्हणाली, "बॉनेट कसलं, गोठ्याचा पत्रा होता तो! बैलाने पण ओळखला असता."

"आणि मागची फळी कुठाय? चार माणसं उभी कशावर राहणार?" मग त्याने कापलेल्या कडेवर अंगठा फिरवला. "छप्पर काढलंत? म्हणजे ही उन्हाळ्याची गाडी."

मी विचारलं, "उन्हाळ्याची म्हणजे?"

"बाई, पाऊस लागायच्या आधी मी पत्र्याचं छप्पर आणि दार बोल्टांनी बसवायचो. भातकापणी झाली की काढायचो. तुम्हाला नेलं ते श्रावणात. धो धो पाऊस. मास्तर दार धरून बसलेले, अर्धे बाहेर, नुसते भिजलेले. माणूस आजारी पडणार असं वाटलं होतं मला."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी फक्त फळी किती रुंद होती ते विचारलं आणि हातरुमालाला गाठ मारून माप घेतलं.

रंग विचारायचा राहूनच गेला. परत येताना बसमध्ये मी हिशेब जुळवत होते. बाळ घेऊन आम्ही तलासरीला परतलो तेव्हा भात कापून झालं होतं, गाडी उघडी असणार. ताड तेव्हा पाहिले असतील. पण तेव्हा तर मी बाळाला मांडीवर घेऊन ताठ बसले होते. ताड मी आडवी पडून पाहिले, पाठीत कळ येत असताना पाहिले. एकवीसपर्यंत मोजले. ते ताड मी कुठून आणले, मला सांगता येत नाही.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो तेव्हा आठवी नोंद खोडलेली होती. माझ्या वहीत खाडाखोड नसते, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं की ती चूक माझी होती.

"आणि बाकीच्या सात?"

गॅसचं बटण. त्या दिवशी दूध मी ठेवलं होतं की त्यांनी? वहीत माझ्याच अक्षरात "त्यांनी" लिहिलं होतं. गल्लीचं वळण तर त्यांचंच चुकलं, मी सोबत होते. पण बाकीच्यांचं मी शपथेवर सांगू शकले नसते. डॉक्टर म्हणाले, औषध आत्ताच वाढवायला नको, आणि पुढच्या वेळी तुमचीही तपासणी करू. हे आजोबांच्या समोरच म्हणाले. आजोबा म्हणाले, "हिची वही मी लिहीन."

घरी येऊन त्यांनी आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून नवं छप्पर कापलं. पत्र्यासारख्या पन्हळी उठवल्या, बॉनेटला मुद्दाम पोचे पाडले. मी सुचवलं, छप्पर सुटंच ठेवा, खऱ्या गाडीसारखं काढता-घालता येईल. त्यांनी ऐकून घेतलं. मग मला न विचारता चारही कोपऱ्यांना सोल्युशन लावलं, छप्पर बसवलं आणि वाळेपर्यंत दाबून धरून ठेवलं.