राक्षसांची आखणी

"थांब गो, नजर बसू दे."

हे म्हणताना काकी माझ्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. उजव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवायची, श्वास धरायचा आणि झिरो नंबरच्या ब्रशने एका दमात पापणी ओढायची. तेवढ्यात तुम्ही शिंकलात तर तुमची काही धडगत नव्हती.

पेणला आमच्या आळीतच त्या राहायच्या. गणपतीच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, डोळ्यांची आखणी. तुमच्याकडे पेणचा गणपती येत असेल आणि आरतीच्या वेळी तो नेमका तुमच्याकडेच बघतोय असं वाटलं असेल, तर ती करामत काकींची असू शकते. खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यात जाऊन बसा, सुटका नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. एका वर्षी चैत्रात काकी कारखान्यातल्या ओल्या शाडूवरून घसरल्या आणि नेमकं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हात थरथरायला लागला. मालक भला माणूस. म्हणाला, "काकी, यंदा पितांबरं रंगवा. डोळे पोरी बघतील." चिडून म्हणाला असता तर काकी भांडल्या असत्या. त्याने समजुतीने सांगितलं, म्हणून त्या मुकाट्याने घरी येऊन बसल्या.

"पितांबर कोनीपन रंगवतो," एवढंच मला म्हणाल्या.

मी आपली शहाणी. म्हटलं, एखादी फुटकी मूर्ती आणते, तिच्यावर हात बसवा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खालीच बघायला लागले. "मोडला तरी देव हाय तो. त्याचा डोळा वाकडा करू मी?" झालं. सराव केल्याशिवाय हात येणार नाही आणि देवावर सराव करणार नाही. असं करत ज्येष्ठ उजाडला. कारखान्यात आखणीला लागायचे दिवस आले आणि काकी ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या.

आता माझं सांगते. मी तेव्हा रोह्याजवळ धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये होते. सुट्टीच्या दिवशी आम्ही पाच जण रोह्याला एका मित्राच्या खोलीवर जमून एक खेळ खेळायचो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं, आणि मारामारी आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. गोष्ट सांगणारी मी. सहा महिने एकच गोष्ट चालली होती. मित्राच्या भावाने परदेशातून शिशाचे, बोटाएवढे राक्षस पाठवले होते. सगळे करडे, रंगवायचे बाकी. माझी चित्रकला विचारू नका, म्हणून मी डबा घेऊन काकींकडे गेले.

"ह्ये कोन?"

"राक्षस. खेळातले."

त्यांनी एक उचलून उजेडात धरला. बराच वेळ बघितला. मग हळूच विचारलं, "ह्यांचा डोळा चुकला तर चालंल?"

"चालेल की. राक्षसच ते."

"पाप नाय?"

"कसलं पाप, काकी."

त्यांनी तांदळाचं सूप बाजूला सारलं.

करंगळी टेकवायला त्या चिमुकल्यांना गालच नव्हते. मग काकींनी प्रत्येकाला शाडूच्या गोळ्यात रोवलं आणि करंगळी त्या गोळ्यावर टेकवली. पहिला राक्षस इतका तिरळा झाला की मला हसू आवरेना. काकी हसल्या नाहीत. दुसरा तिरळा, तिसरा थोडा कमी. मी रोज कामावरून आले की डोकावायची. आठवा जरा माणसात आला, म्हणजे राक्षसात आला म्हणा. सगळ्यात मोठा, पंखवाला, तो शेवटी घेतला. त्याला त्या घोरपड म्हणायच्या. तो पुरा झाल्यावर त्यांनी फडक्यात गुंडाळून दिला आणि म्हणाल्या, "तिथं जाऊनच उघड."

त्या सुट्टीला गोष्टीतली शेवटची लढाई होती. सहा महिन्यांची तयारी. मी रोह्याच्या त्या खोलीत घोरपडीवरचं फडकं काढलं.

हिरवं अंग, लाल पंख, अक्राळविक्राळ जबडा. आणि त्यावर गणपतीचे डोळे. खालची पापणी भरलेली, बुबुळात पांढरा ठिपका, माया करणारी नजर. बरं, तो चौघांकडे एकाच वेळी बघत होता.

फासा कोणी उचलेना. आमच्यातला बॉयलरवरचा दाढीवाला, ज्याने तोवर दिसेल त्याला कापलं होतं, तो म्हणाला, "ह्याला नाय मारायचा मी. बोलून बघू या का?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या सहा महिन्यांच्या गोष्टीचे बारा वाजले. मी जाम वैतागले. वैतागातच घोरपड हातात घेऊन बघायला लागले, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन्ही डोळे तंतोतंत सरळ होते.

संध्याकाळच्या गाडीने पेणला आले ती थेट काकींच्या दारात. म्हटलं, "काकी, तुमचा राक्षस कोणी मारेना."

"नजर सरळ हाय?"

"सरळ आहे."

त्या ओट्यावर बसल्या. पदराने तोंड पुसलं, मग डोळे. "मला रागाचा डोळा येतच नाय गो. एकच येतो." एवढं म्हणून त्या हसायला लागल्या आणि मला मात्र रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घोरपड नेऊन मालकासमोर ठेवली. त्याने ती उलटसुलट केली आणि आपल्या हाताने काकींचं स्टूल जुन्या जागी नेऊन ठेवलं.

त्यानंतर बरीच वर्षं त्यांनी आखणी केली. मग दिसेनासं झालं म्हणून कासूला लेकीकडे गेल्या. मी जाईन जाईन म्हणत राहिले आणि गेले नाही, हे मला आजही लागतं. हात पुन्हा गेला असेल, नुसत्या बसून असतील, अशी हुरहूर असायची. त्या गेल्याचं कळलं तेव्हा गेले. लेकीने त्यांचा ब्रशचा डबा पुढे केला. त्यात तो पहिला, तिरळा राक्षस होता. तो त्यांनी मला परत दिलाच नव्हता.

मी खिडकीशी नेऊन पाहिला. जुन्या वाकड्या डोळ्यांवर नवे डोळे आखलेले होते.

"हे कधी केलं?"

"औंदा गणपतीच्या आधी," लेक म्हणाली. "दिसत कुठं होतं तिला? बोटानं चाचपून चाचपून केलंन. आमी बोलाय लागलो की गप करायची."

मी राक्षस खिडकीत ठेवला आणि दारापर्यंत गेले. तिथून वळून पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता.