पुढे गेलं की बंद होतं

सुधाताईंशी मी खोटं बोललो होतो. आमच्या छोट्या कंपनीच्या व्हिडिओ गेमला त्यांनी संगीत दिलं होतं. गेम साफ पडला. "संगीताबद्दल कुणी काही लिहिलं का हो?" त्यांनी फोनवर विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "नाही, विशेष काही नाही." खरं तर लोकांनी तेवढ्याचंच कौतुक केलं होतं. कथा आणि रचना माझी होती, तिला सगळ्यांनी नावं ठेवली होती.

परवा भाचीकडे गेलो. ती मटार सोलत बसली होती आणि समोर लॅपटॉपवर आमचाच गेम सुरू होता. नायक नदीकाठी नुसता उभा, मागे सुधाताईंची सारंगी.

"खेळत का नाहीस?"

"खेळण्यासारखं काय आहे त्यात, मामा? मी ऐकतेय. पुढे गेलं की हे बंद होतं."

ती नदी मी तीनदा बदलून घेतली होती, तरी वाहताना दिसत नव्हती. सारंगीमुळे त्या नदीला पाणी आल्यासारखं वाटलं. फसलेल्या कामातही कुणाचा तरी जीव ओतलेला असतो, आणि तो लोकांपर्यंत पोचला, तर ते त्या माणसाला कळायला हवं असतं. मी मात्र माझी लाज झाकायला ते दाबून ठेवलं. सुधाताईंनी त्यानंतर कुठल्याच गेमला संगीत दिलं नाही.

तिथूनच त्यांना फोन लावला.

"ताई, लोकांना तुमचं संगीत फार आवडलं होतं. मला ते सहन झालं नाही, म्हणून लपवलं. माझं चुकलं, मला माफ करा. त्यांनी लिहिलेलं सगळं माझ्याकडे आहे. वाचून दाखवू?"