सहीआधीचे सात दिवस

क्युपर्टिनोतल्या निम्म्या मराठी मुलांनी वरणभाताचा पहिला घास सुनेत्रा बोकारेच्या हातून खाल्ला होता. त्यांच्या आईबापांना त्याचं काही वाटत असावं, असं तिला कधी दिसलं नाही. सकाळी साडेसातला तिच्या भाड्याच्या डुप्लेक्ससमोर गाड्या लागायच्या. गाडी जितकी महाग तितकं पोरगं उपाशी, हा तिचा सोळा वर्षांच्या डे-केअरचा अनुभव होता. "मावशी, आज मीटिंग आहे, सहा होतील हं," म्हणणारी मंडळी पावणेसातला उगवायची आणि ट्रॅफिकच्या नावाने बोटं मोडायची. सुनेत्रा त्यांना काही बोलत नसे. चष्म्यावरून नुसती बघायची. तेवढ्याने पुढचे आठ दिवस ती माणसं वेळेवर यायची.

ती मूळची नागपूरची. शहात्तर साली लग्न होऊन आली. दहा वर्षांनी नवऱ्याने डॅलसला दुसरं घर थाटलं आणि जाण्याआधी ओट्यावर कागदांचा गठ्ठा ठेवून म्हणाला, "फॉर्मॅलिटी आहे, खुणा केल्यात तिथे सह्या कर." तिची फोडणी करपत होती. तिने गॅस बारीक केला आणि सह्या केल्या. महिन्याभरात घरही गेलं, आणि आठ वर्षांच्या राधिकेला घेऊन ती या डुप्लेक्सवर आली. त्यानंतर तिने केबल कंपनीच्या फॉर्मवरसुद्धा वाचल्याशिवाय सही केली नाही.

राधिका मोठी होऊन मिनेसोटात ईडन प्रेरीला नोकरीला लागली. सुनेत्रा बावन्न वर्षांची झाली आणि एकटीच्या संसारात चांगली मुरली. अशात गुरुनाथ टिपणीस तिच्या दाराशी येऊ लागले.

टिपणीस म्हणजे जुन्या पिढीतले, अडुसष्ट साली इथे आलेले इंजिनिअर. रिटायर झालेले, बायको जाऊन पाच वर्षं झालेली. त्यांचा नातू वेद सुनेत्राकडे असायचा, त्याला न्यायला ते तीन वाजता यायचे आणि चारला निघायचे. मधल्या तासात कधी फाटकाची कडी बसवायचे, कधी गळका नळ दुरुस्त करायचे. एक दिवस पान्हा पुसता पुसता म्हणाले, "मला एकट्याला वरणभात करता येतो हो, पण एकट्याला खाववत नाही."

"मग कुकर विकून टाका," सुनेत्रा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. तिसऱ्याही दिवशी आले. चार महिन्यांनी सुनेत्रा हो म्हणाली, आणि स्वतःच्याच मूर्खपणावर तिला हसू आलं. २००३च्या मे महिन्यात, अठरा तारखेच्या रविवारी, देवळात साधंच लग्न करायचं ठरलं.

गुरुवारी संध्याकाळी शेवटचं मूल गेलं आणि टिपणिसांचा मुलगा निमिष आला. एका हातात काजूकतलीचा डबा, दुसऱ्या हातात निळी फाइल. हा अमेरिकेतच जन्मलेला. याचा मुलगा चार वर्षं सुनेत्राच्या मांडीवर वाढला होता.

"मावशी, हे प्रीनप आहे. लग्नाआधीचं ॲग्रीमेंट. सगळेच करतात आता. जस्ट अ फॉर्मॅलिटी."

त्या शब्दाने सुनेत्राच्या कपाळाची शीर उडाली. तिने डबा बाजूला सारला, चष्मा चढवला आणि वाचायला बसली. बावीस पानं होती. निमिष उभा राहून फोनशी चाळा करत होता. वाचता वाचता ती मध्येच मोठ्याने बोलू लागली.

"बाबा गेले तर मी तीस दिवसांत घर सोडायचं. बरं. बाबांची सेवा केली तर त्याचा मोबदला मागायचा नाही. वा! कुणी मागितला होता? आणि हे काय रे? 'मी स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेतला असून मला सर्व समजले आहे.' मी सल्ला घेतला? कधी घेतला?"

"ते स्टँडर्ड लँग्वेज आहे, मावशी."

"खोटं बोलायला तुमच्याकडे स्टँडर्ड भाषा आहे होय!"

निमिषचे कान लाल झाले. "इट्स नॉट पर्सनल. बाबांनी ऑलरेडी साइन केलंय."

"बाबा कुठे आहेत?"

"गाडीत."

सुनेत्रा चपला न घालताच बाहेर गेली. टिपणीस पुढच्या सीटवर सीटबेल्ट लावून बसले होते, डॉक्टरकडे नेलेल्या पोरासारखे. तिने काचेवर टकटक केली. काच खाली आली.

"हे वाचलंत तुम्ही?"

"निमिषच बघतो हो कागदांचं. पोरांच्या मनाची शांती, दुसरं काय." ते तिच्याकडे न बघता बोलत होते.

"चौसष्ट वर्षांचे आहात तुम्ही. आयुष्यभर कॉम्प्युटरच्या चिप्स तपासल्या म्हणता. बावीस पानं तपासवली नाहीत?"

टिपणीस सीटबेल्टचं बक्कल चाचपत राहिले. तिला क्षणभर त्यांची कीव आली. मग कीव गेली आणि नुसता तिटकारा उरला. त्यांचा, निमिषचा आणि स्वतःचाही.

"मी वकिलाला दाखवते," ती मागे आलेल्या निमिषला म्हणाली. "कागदात तसंच लिहिलंयस ना तू? मग खरं करून टाकू."

रात्री राधिकेला फोन केला तर ती म्हणाली, "आई, गो! उद्याच जा." शुक्रवारी दुपारी डे-केअर बंद राहील, असे फोन सुनेत्राने आठ घरी केले. आठही घरांत हाहाकार उडाला. एका बापाने तर विचारलं, "मग मुलाचं करायचं काय?" "सांभाळा," ती म्हणाली.

वकीलबाईंचं नाव लिएन ट्रान. सॅन होजेत एका डोनटच्या दुकानावर त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं, जिन्यापर्यंत तळणीचा वास येत होता. बाई ठेंगणी, पन्नाशीची, मूळची व्हिएतनामची. हातात पेन्सिल घेऊन तिने बावीस पानं वाचली. तासाला दोनशे डॉलर घेणारं माणूस निदान वाचतं तरी, एवढं सुनेत्राला बरं वाटलं.

"लग्न कधी आहे?" बाईंनी विचारलं.

"परवा."

"आणि कागद हातात पडला काल?" ट्रानबाई हसल्याच. "गेल्या वर्षापासून इथला कायदा बदललाय. कागद हातात पडल्यापासून सहीपर्यंत मधे पुरे सात दिवस जावे लागतात. विचार करायला, वकील गाठायला. ज्याने हा मसुदा केला त्याला हे ठाऊक नाही, किंवा तुम्हाला ठाऊक नसेल अशी त्याची खात्री होती. तुम्ही आज सही केलीत ना, तर उद्या कोर्ट हा कागद मानायचं नाही. तुम्हाला फायदाच हवा असेल तर खुशाल सही करा आणि गप्प बसा."

सुनेत्राला हा सल्ला आवडला नाही. "पाळायचं नसलेल्या कागदावर मी सही करत नाही. तसले लोक वेगळे."

बाईंनी पेन्सिल कानामागे खोवली. मग शेवटचं पान उलटलं. "मग दुसरी गोष्ट. इथे त्यांच्या मालमत्तेची यादी आहे. घर, एवढंच लिहिलंय. घर कुणाच्या नावावर, त्यावर बोजा किती, काही नाही. हे त्यांनी उघड करायला हवं. तुमची काही कमाई आहे?"

"डे-केअर आहे. थोडी शिल्लक आहे."

"मग तुम्हालाच करार हवा. लग्नानंतर दोघांची मिळकत एकत्र धरतात. त्यांचं जुनं देणं असलं आणि तुम्ही काळजी घेतली नाहीत, तर वसुलीवाले तिथपर्यंत हात घालू शकतात."

हे सुनेत्राच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळे तिला आयत्या बिळावरचा नागोबा समजत होते, आणि बीळ कुणाचं हे कुणीच पाहिलं नव्हतं.

तिने लग्न पुढे ढकललं. शनिवारी निमिषच्या बायकोचा, अनयाचा, फोन आला. आवाज रडवेला. "मावशी, असं काय करता? पीपल हॅव फ्लोन इन! न्यू जर्सीहून आत्या आल्यात."

"मग त्यांना गोल्डन गेट दाखव," सुनेत्रा म्हणाली आणि फोन ठेवला.

सोमवारी वेद आला नाही. त्याला दुसऱ्या डे-केअरमध्ये घातल्याचं एका आईने सांगितलं. सुनेत्राने त्याची रंगीत चटई गुंडाळली आणि कपाटावर टाकली. दुपारी झोपलेली मुलं मोजताना तिची मोजणी दोनदा चुकली, याचा तिला राग आला.

ट्रानबाईंनी यादी मागणारं पत्र पाठवलं. निमिषच्या वकिलाकडून उत्तर नाही. दोन आठवडे गेले. मग एका मंगळवारी तीन वाजता टिपणीस फाटकाशी उभे राहिले. न्यायला नातू नव्हता, हातात पान्हाही नव्हता.

"निमिष म्हणतो, यादीबिदी काही द्यायची नाही. बाई संशयी आहे म्हणतो."

"घर तुमचं की निमिषचं?"

"माझं हो! ब्याऐंशी साली घेतलं. सगळं फेडून झालंय."

"मग उद्या माझ्याबरोबर चला."

घरांच्या नोंदी काउंटीच्या ऑफिसात कुणालाही बघता येतात, हे ट्रानबाईंनी सांगितलं होतं. काउंटरवरच्या बाईने पत्ता घेतला आणि थोड्या वेळाने छापील पानं सरकवली. टिपणिसांनी ती बाहेरच्या बाकावर बसून वाचली. आयुष्यात पहिल्यांदाच ते घराचे कागद वाचत असावेत, असं त्यांच्या बोटांकडे बघून वाटत होतं. एकेका ओळीवर बोट ठेवून ते पुढे सरकत होते.

नोव्हेंबर २०००मध्ये घरावर कर्ज काढलेलं होतं. साधंसुधं नाही, घराच्या निम्म्या किमतीएवढं. त्याच साली निमिषने मित्रांबरोबर कंपनी काढली होती, आणि दुसऱ्या वर्षी ती बुडाली होती.

"सही माझीच आहे," टिपणीस म्हणाले. मग ओळीवरचं बोट न उचलता पुढे बोलले. "वेदचा दुसरा वाढदिवस होता. घरात पन्नास माणसं. निमिषने सांगितलं, टॅक्सचं काहीतरी आहे. नोटरीला घरीच बोलावलं होतं. मी त्या नोटरीला केक दिला, सुनेत्राबाई. दोनदा दिला."

सुनेत्राला हसू फुटलं, आणि ते आवरेना. टिपणिसांच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी तेही हसले. मग त्यांनी कागदांची घडी घातली आणि हसणं थांबलं.

"बँकेचं पत्र कसं आलं नाही कधी?" तिने विचारलं.

"बहुतेक त्याच्या पत्त्यावर जात असेल. एखादं घरीही आलं असेल." त्यांनी घडी खिशात घातली. "म्हणूनच तो करार, तुम्ही घराचं काही विचारू नये म्हणून. तुम्ही घरात आलात तर टपाल उघडणार. मी उघडत नाही, हे त्याला ठाऊक आहे."

त्या संध्याकाळी निमिष धावत आला. बापाने फोनवर काय सांगितलं कुणास ठाऊक. "मावशी, बाबांना टेन्शन द्यायचं नव्हतं मला. आय ॲम पेइंग इट. दर महिन्याला भरतोय."

"भरतोस, चांगलं करतोस," सुनेत्रा म्हणाली. "पण घर राखायला मला तीस दिवसांची नोटीस लिहिणारा तू! ते घर आधीच खाऊन ढेकर दिलीस आणि मला म्हणतोस, हात लावू नका. लाज नाही वाटली काजूकतली आणताना?"

निमिषने बापाकडे पाहिलं. टिपणीस तिथेच खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, "घरी जा, निमिष." एवढंच. पण गाडीत बसून राहिलेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना सुनेत्राला वाटलं, चला, अगदीच टाकाऊ नाही.

नवा करार ट्रानबाईंनी केला. बावीसची नऊ पानं झाली. टिपणिसांचं देणं टिपणिसांचं, सुनेत्राची कमाई सुनेत्राची, वेगळ्या खात्यात. त्यांच्या घरावर तिचा हक्क नाही. हे कलम तिने स्वतः घालायला लावलं आणि त्यात तीस दिवसांची भानगड नव्हती, कारण ती त्या घरात राहायला जाणारच नव्हती. टिपणिसांनी स्वतःचा वेगळा वकील केला, तोही सुनेत्राच्याच आग्रहावरून. नऊ पानं त्यांनी तिच्या जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचली. तीन संध्याकाळी लागल्या. मधेमधे ते म्हणायचे, "हे कळलं नाही." ती म्हणायची, "मलाही नाही. उद्या विचारू." सात दिवस नव्हे, पुरे तीन आठवडे जाऊ दिले आणि मगच सह्या झाल्या.

ऑगस्टमध्ये काउंटीच्या ऑफिसात लग्न झालं. राधिका विमानाने आली होती. निमिष आला नाही. अनयाने फुलं पाठवली, चिठ्ठीवर फक्त तिचं आणि वेदचं नाव होतं. टिपणीस दोन सूटकेसी आणि पान्ह्यांचा डबा घेऊन डुप्लेक्सवर राहायला आले. शरद ऋतूत त्यांनी आपलं घर विकलं, कर्ज फेडलं, उरलेलं बँकेत टाकलं. कुणी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं. रविवारी ते वेदला बागेत नेतात. निमिष त्याला गाडीतून सोडतो, खाली उतरत नाही.

त्या वर्षीच्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत जेवणाच्या रांगेत सुनेत्राच्या मागे दोन बायका बोलत होत्या. मुद्दाम ऐकू येईल इतक्या हळू. बाईने म्हाताऱ्याला घर विकायला लावलं म्हणे, वकील घेऊन गेली म्हणे, त्या मुलाचं तोंड बघवत नाही. दोघींचीही मुलं सुनेत्राकडे वाढली होती. तिला वळून एकीला तरी सोलून काढता आलं असतं. पण मसालेभाताची परात समोर आली आणि तिला वाटलं, या बायकांसाठी भात गार का करायचा?

टेबलावर टिपणिसांनी विचारलं, "काय म्हणत होत्या त्या?"

"तुमच्या बाजूने बोलत होत्या," ती म्हणाली. "जेवा."